देवाला कोणी निर्माण केले, हे तुम्ही विचारलेत म्हणून

"विश्व देवाने निर्माण केले असे तुम्ही मानता ना? मग देवाला कोणी निर्माण केले?" हा प्रश्न मला इतकी वर्षे विचारला जात आहे की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच तो येणार हे मला कळते. मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवले आणि रविवारी उपासनेनंतर तरुणांचा पवित्र शास्त्राचा वर्ग घेतला, त्यामुळे तो दोन्हीकडून येतो. शिक्षकांच्या खोलीत तो काहीशा कणवेने विचारला जातो, एवढी शिकलेली बाई असे कसे मानते, या सुरात, आणि मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, त्याची उलटी बाजू पुढे येते, "बाई, महास्फोटाने (बिग बँगने) देव सिद्धच झाला ना?" पहिल्या प्रश्नाने मी चिडते हे खरे, पण दुसऱ्याने अधिक अस्वस्थ होते, कारण एके काळी त्याला मी स्वतः मोठ्या आवाजात "हो" म्हणत असे. म्हणून आज एकदाच सगळे नीट लिहून ठेवते.

सहा दिवसांच्या निर्मितीवर फार वेळ घालवणार नाही. बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातील दिवस चोवीस तासांचे होते असे मी मानत नाही. विज्ञानाच्या धाकाने शोधलेली ही पळवाट आहे असे ज्यांना वाटते त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला असेल तर आधीचे तीन दिवस कसले, या प्रश्नाशी संत ऑगस्टीन दुर्बिणीचा शोध लागण्याच्या सुमारे बाराशे वर्षे आधी झगडत होते. निर्मितीच्या आधी देव काय करत होता, याचेही उत्तर त्यांनी दिले आहे: काळ हाच निर्मितीचा भाग आहे, त्यामुळे त्या "आधी"ला अर्थ उरत नाही.

आता मूळ प्रश्न. "देवाला कोणी निर्माण केले" हा प्रश्न "प्रत्येक गोष्टीला कारण असते" या विधानाला लागू पडतो आणि त्या विधानाचा पुरता निकाल लावतो. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी 1927 साली हेच सांगितले, की प्रत्येक गोष्टीला कारण हवे तर देवालाही हवे, आणि एखादी गोष्ट कारणाशिवाय असू शकत असेल तर ती गोष्ट विश्वच का नसावी. परंतु ज्या ख्रिस्ती विचारवंतांचे युक्तिवाद आजवर टिकले आहेत त्यांनी तो असा मांडलेलाच नाही. त्यांचे म्हणणे असे आहे की ज्याला सुरुवात आहे त्याला कारण असते. किंवा, जे स्वतःच्या बळावर अस्तित्वात नाही त्याला कशाचा तरी आधार असतो. आधार लागणाऱ्या गोष्टींची रांग कितीही लांबवली तरी ती आपल्या पायांवर उभी राहत नाही, तर्काच्या, म्हणजे न्यायशास्त्राच्या, भाषेत सांगायचे तर अनवस्था, म्हणजे कधीच न संपणारी मालिका, ओढवते, आणि ती टाळायची तर शेवटी असे काहीतरी मानावे लागते जे स्वयंभू आहे. देवाला ऐनवेळी दिलेली ही सूट नव्हे. सगळा युक्तिवाद ज्या ठिकाणी पोहोचतो ते हेच ठिकाण आहे.

हे उत्तर बरोबर आहे असे मला आजही वाटते. पण ते मी एकदा कसे दिले, हे सांगितल्याशिवाय माझे लिहिणे प्रामाणिक होणार नाही.

त्या काळी मी "कलाम" या नावाने ओळखल्या जाणाऱ्या युक्तिवादाने भारावले होते. त्याचा इतिहासच मोठा आहे. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या जॉन फिलोपोनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने विश्व अनादी असू शकत नाही असे दाखवण्याचा प्रयत्न केला, पुढे अल-गझालींसारख्या मुस्लिम विचारवंतांनी त्या विचाराला धार आणली, आणि 1979 साली अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम लेन क्रेग यांनी तो आधुनिक विश्वरचनाशास्त्राशी जोडून पुन्हा चर्चेत आणला. ज्याला सुरुवात आहे त्याला कारण असते, विश्वाला सुरुवात आहे, म्हणून विश्वाला कारण आहे. ही तीन वाक्ये शाळकरी मुलालाही पाठ होतील. त्यात 1965 साली पेन्झियस आणि विल्सन या शास्त्रज्ञांचा शोध प्रसिद्ध झालेला, आकाशाच्या प्रत्येक दिशेकडून येणारे सुमारे 2.7 केल्विन तापमानाचे प्रारण, म्हणजे विश्वाच्या तप्त बालपणाची उरलेली ऊब. सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वीची ती खूण मला उत्पत्तीच्या पहिल्या ओळीवर उमटवलेल्या शिक्क्यासारखी वाटे.

माझ्या रविवारच्या वर्गातला एक मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि भौतिकशास्त्राचीच पदवी घेत होता. शेवटच्या बाकावर बसायचा, फारसे बोलायचा नाही. त्या रविवारी मी फळ्यावर युक्तिवाद लिहायला घेतला आणि घाईत पहिले वाक्य असे लिहिले: "प्रत्येक गोष्टीला कारण असते." खरे वाक्य मला पाठ होते, तरी हातून हेच उतरले. पाठमोरी असतानाच मला त्याचा आवाज ऐकू आला, "बाई, मग देवाला?"

चूक मला त्याच क्षणी दिसली. वर्गात अठरा मुले होती आणि त्या दिवशी मागे खुर्च्यांवर मंडळीतले दोन वडीलही (ज्येष्ठ जबाबदार सदस्य) येऊन बसले होते. मी डस्टर उचलले, "प्रत्येक गोष्टीला" एवढेच पुसले, त्या जागी "ज्याला सुरुवात आहे त्याला" असे लिहिले आणि वळून म्हणाले, "प्रश्न विचारण्याआधी वाक्य पूर्ण वाचावं. ज्याला सुरुवात आहे त्यालाच कारण लागतं. देवाला सुरुवात आहे का?" कोणीतरी हसले आणि मग बरेच जण हसले. तो उभाच होता. "बाई, तुम्ही आधी वेगळं लिहिलं होतं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, प्रयोगाची नोंद वाचून दाखवावी तसा तो बोलला. मी म्हणाले, "तू नीट पाहिलं नसशील."

डस्टर कोरडे होते. नव्या अक्षरांच्या खाली जुन्या "प्र"चा पांढुरका ठसा जसाच्या तसा दिसत होता, आणि समोरच्या बाकांवरच्या मुलांनाही तो दिसत असणार. त्याने फळ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि तो खाली बसला. वर्ग संपल्यावर त्या दोघांपैकी एक वडील मला म्हणाले, "छान गप्प केलंत." मला ते आवडले. हे लिहिताना सर्वांत जड हेच जाते, की मला ते आवडले.

पुढच्या रविवारी तो आला नाही आणि त्यानंतरही कधी आला नाही. त्याची आई एकटी उपासनेला येत राहिली. मी तिला काही विचारले नाही.

वर्षानुवर्षे मी स्वतःची समजूत घालत राहिले की दुरुस्त केलेले वाक्य खरे होते, की तो तसाही गेलाच असता, की एका वाक्यावरून कोणी मंडळी सोडत नाही. त्या वेळची मी आजही माझ्याशी वाद घालते. ती म्हणते, "अठरा मुलांसमोर माझंच चुकलं म्हणून सांगितलं असतंस, तर त्यांचा विश्वास डळमळला असता." मी तिला विचारते, फळा पुसून जो टिकवलास तो विश्वास देवावरचा होता की तुझ्यावरचा? ती गप्प बसत नाही. त्या अठरांपैकी बरेच जण आजही मंडळीत आहेत, हे ती मला दाखवून देते, आणि ते नाकारणे मला शक्य नाही.

या प्रसंगानंतर पुष्कळ काळाने मी संत थॉमस अ‍ॅक्वायनस यांचे लेखन सावकाश वाचले आणि एका ठिकाणी थांबले. विश्वाला सुरुवात होती, हे बुद्धीने सिद्ध करता येत नाही, ते श्रद्धेनेच स्वीकारायचे असते, असे तेराव्या शतकातले हे थोर ख्रिस्ती तत्त्वज्ञ सांगतात. आणि जो विश्वासाच्या गोष्टी सिद्ध करायला निघून अपुरी कारणे पुढे करतो तो अविश्वासी लोकांना हसण्याचे निमित्त पुरवतो, असा इशाराही देतात. आमच्या वर्गात हसले होते ते विश्वासी.

महास्फोटाने देव सिद्ध झाला असे म्हणणाऱ्या माझ्या मंडळीतल्या भावाबहिणींना मी आता जॉर्ज लमेत्र यांच्याविषयी सांगते. प्रसरणशील विश्वाची कल्पना 1927 साली आणि विश्व एका आद्य अणूतून सुरू झाले ही 1931 साली मांडणारा हा शास्त्रज्ञ कॅथोलिक धर्मगुरू होता. 1951 साली पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या नव्या विश्वशास्त्रात निर्मितीची साक्ष मिळते अशा आशयाचे विचार मांडले, तेव्हा सर्वांत अस्वस्थ झालेल्यांत लमेत्र होते. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नापासून अलग आहे, हे त्यांनी अखेरपर्यंत धरून ठेवले. 2003 साली बोर्डे, गुथ आणि विलेंकिन या भौतिकशास्त्रज्ञांनी सिद्ध केले की सरासरीने प्रसरण पावत आलेले विश्व भूतकाळात अनंत मागे नेता येत नाही, आणि या निष्कर्षाचे वजन मी जाणते. पण त्या सीमेपलीकडे काय, हे तो सांगत नाही. उद्या कोणी अनादी विश्वाचे पटण्याजोगे गणित मांडले तर माझी प्रार्थना त्या दिवशी थांबावी, असा विश्वास मला नको आहे.

मला आज पटते ती वाट सुरुवातीवरून जात नाही, आधारावरून जाते. अ‍ॅक्वायनस यांचे उदाहरण हातातल्या काठीचे आहे: काठी हलते ती हात हलवतो तोवरच. आजोबा गेले तरी नातू जगतो, ती साखळी मागे कितीही लांब असू शकते. पण काठी आणि हात यांचे नाते तसे नाही. मी मुलांना दिवा आणि तार यांचे उदाहरण देते. तार कितीही लांब केली, अगदी अनंत लांब केली, तरी तारेच्या लांबीतून वीज उत्पन्न होत नाही. विश्व अनादी असले तरी काहीच नसण्याऐवजी ते का आहे, हा 1714 साली तत्त्वज्ञ लायब्निट्झ यांनी विचारलेला प्रश्न तसाच उभा राहतो. निर्वात पोकळीतून कण आपोआप उद्भवतात असे सांगून तो सुटत नाही, कारण त्या पोकळीला क्षेत्रे असतात, ऊर्जा असते, नियम असतात. तिला "काहीच नाही" म्हणणे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला मान्य होणार नाही.

तरीही हा युक्तिवाद कोणाला जबरदस्तीने कबूल करायला लावता येत नाही. 1948 साली फ्रेडरिक कोपल्स्टन या जेझुइट धर्मगुरूंशी नभोवाणीवर वाद करताना रसेल म्हणाले की प्रत्येक माणसाला आई असते म्हणून मानवजातीला आई असते असे होत नाही. विश्व आहे, एवढेच. मला वाटते की परावलंबन हा गुण आईपणासारखा नाही, परावलंबी गोष्टी कितीही एकत्र केल्या तरी त्यातून स्वावलंबन निघत नाही. पण जो रसेल थांबले तिथे थांबतो त्याला मी मूर्ख म्हणत नाही. मला तिथे थांबता येत नाही, एवढेच सांगते. शिवाय सगळे मान्य केले तरी हाती येते ते एक स्वयंभू आदिकारण. "प्रारंभी शब्द होता" असे योहान लिहितो, तो शब्द देही झाला आणि वधस्तंभावर मेला, हे कोणत्याही दिव्यातारेच्या उदाहरणाने कळत नाही. ते मला दुसरीकडून मिळाले आहे. या युक्तिवादातून ते मिळाले असे सोंग मी पूर्वी करत असे, आता करत नाही.

त्या मुलाचा पत्ता मिळवून मागच्या वर्षी मी त्याला पत्र लिहिले. त्या रविवारी तू नीट पाहिले होतेस, वाक्य मी बदलले होते आणि खोटे बोलले होते, एवढेच लिहिले. त्याला परत बोलावण्याचा मजकूर त्यात घातला नाही. तीन आठवड्यांनी उत्तर आले. "दुसरे वाक्य मला तेव्हाच पटले होते, बाई," असे त्याने लिहिले होते. "तुम्ही पहिले पुसलेत आणि पुसले नाही म्हणालात, ते पटले नाही." त्याखाली त्याने एक प्रश्न विचारला होता. देव स्वयंभू आहे, म्हणजे तो नसणे शक्यच नाही. विश्व मात्र त्याने स्वतंत्र इच्छेने निर्माण केले, ते नसणे शक्य होते, असे ख्रिस्ती लोक म्हणतात. मग निर्माण करावे या त्याच्या निर्णयाला पुरेसे कारण होते का? असेल, तर विश्व असणे अटळ ठरते आणि त्याचे स्वातंत्र्य जाते. नसेल, तर कारणाशिवाय काहीतरी घडले हे तुम्हीच मान्य करता.

मी उत्तर लिहायला घेतले आहे. प्रेमाला कारण असते पण सक्ती नसते, असे पहिल्या मसुद्यात लिहिले होते. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले की त्याने ज्याविषयी विचारले होते तेच मी गोड शब्दांत परत त्याच्यापुढे ठेवले आहे, म्हणून ते पान बाजूला काढले. दुसऱ्या मसुद्यात, कारणाने निवड समजते पण ती अटळ होत नाही, असे दाखवण्याचा प्रयत्न आहे, आणि तो तिसऱ्या परिच्छेदाशी अडला आहे. खोडलेल्या ओळी मी फाडून टाकलेल्या नाहीत. उत्तर पाठवीन तेव्हा ती पानेही त्याच लिफाफ्यात घालायची असे ठरवले आहे.