सेल्मेंत्स बुद्रुक, सेल्मेंत्स खुर्द

स्लोव्हाकिया आणि युक्रेन यांच्या सरहद्दीवर सेल्मेंत्स नावाचे हंगेरियन भाषकांचे गाव आहे. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द असतात, तशा त्याच्या थोरल्या आणि धाकट्या अशा लगतच्या दोन वस्त्या. पहिल्या महायुद्धापर्यंत हे गाव ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. महायुद्धानंतर हंगेरीच्या सीमा ठरवणाऱ्या १९२० च्या त्रियानोन करारात ते चेकोस्लोव्हाकियाकडे ठरले, नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनी आणि इटलीने दिलेल्या व्हिएन्ना निवाड्याने हंगेरीकडे परतले आणि १९४४ मध्ये तेथे सोव्हिएत फौजा आल्या. राज्ये बदलली तरी इथवर गाव एकसंध होते. जून १९४५ मध्ये चेकोस्लोव्हाकियाने पूर्वेचा कार्पेथियन प्रदेश सोव्हिएत संघाला देण्याचा करार केला आणि नवी सीमा गावाच्या मधूनच गेली. थोरली वस्ती अलीकडे, आजच्या स्लोव्हाकियात राहिली; धाकटी पलीकडे, आजच्या युक्रेनमध्ये.

मग कुंपण आले, पहारा आला. पलीकडच्या नातलगांशी बोलण्यास मनाई असल्याने शेतात काम करताना लोक गाण्याच्या चालीवर जन्म-मृत्यूची वार्ता कुंपणापार पोहोचवत, असे तेथील वृद्ध सांगत आले आहेत. हाकेच्या अंतरावरील भावाच्या अंत्यविधीला जाता येऊ नये, याहून मोठा अन्याय मला सुचत नाही.

मी सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याचा. आमच्या पूर्व भागात घरोघरी कन्नड बोलली जाते आणि सोयरिकी विजापूरकडे होतात. पाण्यावाचून त्रासलेल्या येथील गावांनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली, २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी या गावांवर दावाही सांगितला. तो वाद मला गंभीरच वाटतो. मात्र त्याच्या ऐन भरातही लग्नाचे वऱ्हाड सीमेवर कोणी परवान्यासाठी अडवले नाही, आणि सीमाप्रश्नावर बोलताना आपण हे मोल सहसा जमेस धरत नाही.

सेल्मेंत्समध्ये पायी आणि सायकलने जाण्यापुरती वाट उघडली ती २३ डिसेंबर २००५ रोजी, म्हणजे सोव्हिएत संघ संपून चौदा वर्षे झाल्यावर. दोनच वर्षांनी स्लोव्हाकिया शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसातील सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात सामील झाला आणि युक्रेनमधून येणाऱ्यांसाठी व्हिसाचे नियम कडक झाले. युक्रेनच्या नागरिकांना अल्प मुक्कामासाठी व्हिसातून सूट मिळण्यास २०१७ उजाडले. फेब्रुवारी २०२२ नंतर युद्धातून निघालेली बायकामुले याच वाटेने स्लोव्हाकियात आली, तर १८ ते ६० वयाच्या बहुतेक पुरुषांना युक्रेनने देश सोडण्यास बंदी केल्याने धाकट्या वस्तीतील अनेकांसाठी ती पुन्हा बंद झाली.