तुम्ही विचारलंत म्हणून: तीन भाषांना तीन डोमेनं घ्यायची का?

बेळगावच्या खडेबाजारातला कुंदा मिठाई विकणारा कुंदेवाला असो की खानापूरचा काजूवाला, वेबसाइटचं बोलणं निघालं की पहिला प्रश्न ठरलेला: "मराठी, कन्नड, इंग्रजीला वेगवेगळी डोमेनं घेऊ का?"

नको. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, एकच घ्या आणि आत एमआर (मराठी), केएन (कन्नड), ईएन (इंग्रजी) असे भाषेगणिक फोल्डर करा. तीन डोमेनं म्हणजे दरवर्षी तीनदा नूतनीकरण, आणि बाहेरून मिळालेल्या लिंकही तीन ठिकाणी विखुरणार. सबडोमेन (मूळ पत्त्याच्या आधी भाषेचा कोड जोडून केलेला पत्ता) चालतं, पण व्याप वाढतो.

खरी गंमत एचरेफलँग या टॅगात, म्हणजे पानाच्या कोडमधल्या खुणेत, आहे. गूगलनं तो 2011 मध्ये आणला. 'याच मजकुराचं कन्नड पान अमुक पत्त्यावर आहे' एवढंच तो सांगतो. मराठी पानानं कन्नड पान दाखवलं, तर कन्नड पानानंही उलट मराठी पान दाखवायला हवं, शिवाय प्रत्येकानं स्वतःचा पत्ताही द्यायचा. एकतर्फी टॅग गूगल मोजत नाही.

मग आपल्याकडचा हमखास प्रश्न येतो: मराठी पान महाराष्ट्राला आणि कन्नड पान कर्नाटकाला, असं सांगता येतं का? नाही. या टॅगात भाषेच्या कोडनंतर येणारा कोड देशाचा असतो, राज्याचा नव्हे. एका साइटवर मी चक्क 'एमआर-एमएच' पाहिलंय. एमएच हा मार्शल बेटांचा कोड! पार पॅसिफिकमधल्या मराठी वाचकांची सोय. 'केएन-केए' लिहाल तर केए नावाचा देशच नाही. नुसतं एमआर आणि केएन लिहा. निपाणीच्या आणि कोल्हापूरच्या मराठी माणसाला पान एकच पुरतं.

काहीजण आयपी (वाचकाच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, ज्यावरून ठिकाणाचा अंदाज येतो) पाहून इथल्या वाचकाला थेट कन्नड पानावर ढकलतात. बेळगावात असं केलंत तर मराठी गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल. आणि गूगलचा बॉट (साइटची पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम) येतो बहुतेक वेळा अमेरिकेतल्या आयपीवरून. त्याला फक्त इंग्रजी पान दिसत राहील. त्यापेक्षा वर भाषांच्या साध्या लिंक ठेवा, ज्याला जी हवी ती तो दाबेल.

आणि नुसता मेन्यू मराठीत करून भागत नाही. पानाची भाषा गूगल दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवतं. कुंद्याचं वर्णन, दर, पार्सलचे नियम, सगळं मराठीत हवं. तेवढं लिहायला माणूस नसेल तर आधी एक भाषा नीट करा. फोल्डर पुढच्या वर्षीही वाढवता येतो.