चौदाव्या दिवसाची भेट

पौष, मंगळवार, रात्री

सकाळी उठले तेव्हा अंगणातल्या कुटारावर दव पांढरं होऊन गोठलं होतं. हात लावला तर बोटाखाली चुरचुरलं. काल संध्याकाळीच मनात आलं होतं, कारण आभाळ कोरं होतं आणि वारा पडला होता. लोकांना वाटतं, थंडी काय ती वर चिखलदऱ्याला, ११०० मीटरवर. पण अशा रात्री डोंगरउतारावरची गार हवा जड होऊन खाली सरकते आणि आमच्या सिपना नदीकाठच्या खोलगटात येऊन साचते. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ अंशांवर गेला होता, त्याची बातमी झाली. आमच्या गावात हवेचं तापमान मोजायचं काही नाही. माझ्या आशा सेविकेच्या पिशवीत आहे ते बाळांचं थर्मामीटर.

मला या दिवसांत झोप लागत नाही ती त्या वरच्या ओळीतल्या घरापायी. मुलगी जन्मली तेव्हा १९०० ग्रॅम. बांबूच्या तट्ट्यावर शेणमाती लिंपलेली भिंत, आणि भिंत व कौलांमध्ये हात जाईल एवढी फट. सातव्या दिवशी गेले तर बाळ खाटेवर एकटं, खाली घमेल्यात निखारे, घरभर धूर. तळपाय गार लागले. थर्मामीटर ९६.४ फॅरनहाइटवर थांबलं. वजन १८५०.

म्हाताऱ्या आजीला मी काय बोलणार? तिनं तिची सगळी पोरं निखाऱ्यावरच जगवली. जी गेली, त्यांचं ती सांगत नाही. मी फक्त घमेलं बाहेर ठेवलं, बाळाचे कपडे काढले, टोपी-मोजे राहू दिले, आणि तिला आईच्या उघड्या छातीवर उभं धरून वरून गोधडी घेतली. दूध ओढत होती, म्हणून धीर होता. तासभर तिथंच बसले. परत मोजलं, ९७.८. आजीनं स्वतः बाळाचा तळपाय चाचपून पाहिला. मग तिला हळूच सांगितलं, वजन २ किलो होईपर्यंत आंघोळ नको, नुसतं पुसून घ्या.

खरी अडचण वेगळीच होती. दिवाळीनंतर आमचं निम्मं गाव कामाला खाली उतरतं ते होळीलाच परततं. बाळाच्या बापानं वीटभट्टीची उचल घेतलेली. "ताई, मी एकटा जातो म्हटलं तं ठेकेदार म्हणते, जोडीनंच पाह्यजे," तो म्हणाला. भट्टीवर पालात, उघड्या रानात, एवढंसं बाळ! मी हात जोडले. ४२ दिवस तरी थांब म्हटलं. माझ्याकडे द्यायला पैसे नाहीत, काम नाही, नुसतं सांगणं आहे, याची मला फार लाज वाटते. पोटाला काय खाणार, याचं उत्तर माझ्या रजिस्टरात कुठंच नाही.

आज चौदावा दिवस. भट्टीची गाडी कालच गेली हे वाटेत कळलं होतं, त्यामुळे दाराशी पाय अडखळले. घर बंद असेल असंच वाटलं. पण दार लोटलेलं होतं. आत बायको चुलीपाशी भाकरी टाकत होती आणि हा भिंतीला टेकून बसलेला, अंगावर घोंगडी. घोंगडीतून टोपी तेवढी दिसत होती. बाप छातीशी धरू शकतो हे मी मागे एकदाच बोलले होते, तेही जाता जाता.

"हिले जेवू द्या म्हटलं निवांत," तो म्हणाला.

झोळीचा काटा आढ्याला अडकवला. आधी झोळी चुलीशी धरून ऊब दिली. १९८० ग्रॅम. पाय कोमट. मी आकडा मोठ्यानं वाचला, तर आजीनं परत विचारला. परत सांगितला.

उचल फेडायची आहेच. ते कसं होणार, त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. भिंतीच्या फटीत उद्या जुनी पोती कोंबू असं ठरलं. माझ्याकडे चार आहेत, ती काढून दाराशी ठेवली आहेत. पुढची भेट २१ व्या दिवशी, येत्या मंगळवारी. पण मी शुक्रवारीच जाऊन येईन.