पोहता येतं का तिथे?

जुलै लागला की पुण्या-मुंबईच्या सगळ्या नातेवाईकांना गोव्यातली मी आठवते. काल दुपारी जेवून जरा आडवी होते तर भाचीचा मेसेज, "मावशी, वीकेंडला येतोय आम्ही, बीच नको यावेळी, एखादा जंगलातला धबधबा सांग ना मस्त. आणि पोहायला सेफ आहे ना?" बाहेर असा कोसळत होता की समोरच्यांचं छप्पर दिसत नव्हतं. आमच्याकडे पाऊस अजून इंचात मोजतात, आणि वाळपईला किंवा सांग्याला शंभर इंच झाले की पेपरवाले कुणी बॅट उंचावल्यासारखी शतकाची बातमी देतात. आणि ही विचारते, पोहायला.

आता काय उत्तर देणार? जागेचं नाव सांगून भागणारं असतं तर एक यादी करून ठेवली असती. पण सकाळी दहाला घोट्याएवढं असलेलं पाणी बाराला छातीपर्यंत येतं, आणि तुमच्या डोक्यावर तेव्हा एक थेंब पडलेला नसतो. पाऊस वर घाटात, चोर्ल्याच्या बाजूला पडून गेलेला असतो. हे मेसेजमध्ये कसं टाइप करायचं.

तिच्या मनात अर्थात दूधसागर होता. सगळ्यांच्याच असतो. 310 मीटर उंच, मांडवीचं पाणी, मधून जाणारी रेल्वे, फोटो तर सगळ्यांनी पाह्यलेलाच आहे. पण पावसात कुळेहून जीप बंद असतात, त्या सुरू होतात ऑक्टोबरच्या आसपास, आणि तेव्हा खालच्या डोहात उतरायचं तर लाइफ जॅकेट घालावंच लागतं. मग तिथे जे चालतं त्याला मी पोहणं म्हणत नाही, फुगवलेल्या मंडळींचं तरंगणं म्हणते. पायाला मासे चावतात हळूहळू, ते मात्र छान वाटतं. बाकी पावसात दूधसागर बघायचा तर गाडीच्या खिडकीतून, दोन मिनिटं, तुषार अंगावर घेत. 2023 च्या जुलैत ट्रेकवाली पोरं गाडीतून उतरून रुळांवरून चालायला लागली तर रेल्वे पोलिसांनी त्यांना उठाबशा काढायला लावल्या, तो व्हिडिओ तेव्हा सगळ्या ग्रुपवर फिरत होता. मला हसू आलं होतं खरं, पण पोरांचीही दया आली थोडी.

मी पोहायला शिकले ते सत्तरी तालुक्यात मामाच्या गावी, मे महिन्यात. घरामागच्या कुळागरातून, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेतून, खाली उतरलं की व्हाळ, म्हणजे ओढा, आणि व्हाळाला एका वळणावर कोंड, म्हणजे डोह. कमरेला दोन सुकलेल्या असोल्या नारळांची जोडी बांधायची आणि मामाने मागून ढकलायचं, एवढाच कोर्स. नारळ काखेशी येऊन बसायचे आणि त्यांची सोडणं, म्हणजे वरची सालं, घासून घासून काखा लाल व्हायच्या, रात्री मामी खोबरेल लावताना मामाला शिव्या द्यायची. पण ढकलायच्या आधी मामा आम्हाला काठावर बसवून ठेवायचा बराच वेळ, आणि कोण चुळबुळ करायला लागलं की म्हणायचा, "पयलीं उदक पळय, मागीर देंव." आधी पाणी बघ, मग उतर. पळय म्हणजे नुसतं बघायचं नाही. वाळकं पान टाकायचं आणि ते कुठे जातं त्याच्यावर नजर ठेवायची. सरळ गेलं तर ठीक, पण एकाच जागी गोल फिरायला लागलं किंवा गायब झालं तर तिथे कुणी जायचं नाही, विषय संपला.

त्याचे बाकीचे नियम पण असेच होते, कारण न सांगता दिलेले. पांढऱ्या पाण्यात जायचं नाही, काळ्या पाण्यात जायचं नाही, तळाचे गोटे दिसतात तेवढंच आपलं. पांढऱ्याचं कारण मला फार नंतर कळलं, धबधब्याखालच्या फेसाळ पाण्यात हवा एवढी मिसळलेली असते की ते अंगाला नीट उचलूनच धरत नाही, चांगला पोहणाराही त्यात खाली जातो, वर पुन्हा कोसळणारं पाणी त्याला आतच दाबत राहतं. मामाला ह्यातलं शास्त्र ठाऊक असेल असं वाटत नाही. आणि पाणी लालसर व्हायला लागलं, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला की ऊन असो नाहीतर काय असो, सगळ्यांनी बाहेर. मे अखेरीला वळवाच्या दिवसांत एकदोनदा असं झालेलं मला आठवतं, आम्ही कुरकुरत वर चढलो आणि टॉवेल पिळेपर्यंत ज्या दगडावर कपडे ठेवले होते तो दगड दिसेनासा झाला.

तेव्हापासून मला खोड लागलीय, कुठलंही पाणी दिसलं की आधी पान टाकून बघायचं. हॉटेलच्या स्विमिंग पूलमध्ये पण टाकते. नवरा तेव्हा दुसरीकडे बघत उभा राहतो, आम्ही एकत्र आलेलो नाही असं दाखवत.

हरवळ्याच्या धबधब्याला मात्र पान टाकायचाही प्रश्न नव्हता. बाजूला रुद्रेश्वराचं देऊळ, खाली लोक दिवसकार्य करतात, त्या पाण्यात उतरायचं आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नाही. आणि हीच सगळी सावध माणसं 24 जूनला सांजावाला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, डोक्यावर फुलांचा कोपेल, म्हणजे मुकुट, घालून, थोडी पोटात ढकलून, विहिरीत धडाधड उड्या मारणाऱ्यांना टाळ्या वाजवायला हजर. पण विहीर घरची असते ना. कुठे खडक आहे, पाणी किती पुरुष आहे, हे घरमालकाला झोपेत विचारलं तरी सांगेल.

धबधब्याचा मालक कोण? 2023 लाच मैनापीच्या धबधब्यात दोघं बुडाले, मग वनखात्याने अभयारण्यांतले धबधबे बंद केले. पुढच्या जुलैत सत्तरीतल्या पालीच्या धबधब्याला पाणी अचानक वाढलं आणि ऐंशीच्या आसपास माणसं पलीकडेच अडकली, शेवटी पोलीस आणि फायर ब्रिगेडने बाहेर काढली. बंदी हवीच, मी बंदीच्या बाजूची आहे. पण बंदीने पाणी बघायला कुणी शिकत नाही, आणि आमच्या गावातल्या आताच्या पोरांनाही ते येत नाही हो, कोंडावर ती जातात ती रील काढायला.

शेवटी भाचीला लिहिलं, नेत्रावळीच्या अभयारण्यात जा, वनखात्याच्या गेटवर विचारा, सोडलं तर सावरी धबधब्यापर्यंत चालत जा, लांबून बघा, भिजायला पाऊस आहेच. जळवांसाठी मीठ घे. आणि परत येताना गोपीनाथाच्या देवळाजवळची बुडबुड्यांची तळी बघा. तिथे काठावर उभं राहून टाळ्या वाजवल्या की खालून जास्त बुडबुडे येतात म्हणतात, लहानपणी मी हात लाल होईपर्यंत वाजवल्या होत्या आणि आले होते, भरपूर आले होते. नाही वाजवल्या तरी येतातच म्हणा.