अंगठ्याखालची दोन हाडं

वर्गाला येणाऱ्या मुलींच्या आया मला हमखास विचारतात, ‘ताई, तुमचा चवडा दुखायचा तो कशाने राहिला?’ परवा तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूला, वाटाण्याएवढी दोन हाडं असतात. सेसमॉइड हे त्यांचं नाव तिळावरून पडलंय. गुडघ्याच्या वाटीसारखी ती स्नायूच्या कंडरेत बसलेली असतात आणि टाच उचलली की भार त्यांच्यावर येतो. भरतनाट्यममधला कुदित्तमेट्ट अडवू म्हणजे चवड्यावर उडी, मग टाचेचा आघात. तो मी पंचवीस वर्षं सिमेंटच्या फरशीवर केला.

पहिल्या एक्स-रेत आतलं हाड दोन तुकड्यांत दिसलं. मोडलंय म्हणून घरात सगळे हादरले. पण काहींचं हे हाड जन्मतःच दोन भागांत असतं, कडा गुळगुळीत असतात. माझं तसंच निघालं. एमआरआयमध्ये हाडाला सूज दिसली, तेव्हा खरं दुखणं कळलं.

माझ्या पायाला आराम पडला तो भार काढल्यामुळे. फिजिओथेरपिस्टने दुखऱ्या जागी ओलं कुंकू लावायला सांगितलं आणि पाय बुटाच्या आतल्या सोलवर टेकवायला लावला. लाल ठिपका उमटला. त्याच्याभोवती फेल्टची जाड गादी चिकटवली, नेमकी ठिपक्याची जागा कात्रीने कापून मोकळी ठेवली. हाड त्या खळग्यात अधांतरी राहिलं. पहिल्याच दिवशी जिना उतरताना दातओठ खावे लागले नाहीत! सोबत कडक तळाचे बूट आणि अंगठा वर वळू नये म्हणून टेप. गोळ्या नि बर्फाने ठणका उतरायचा, पण तेवढ्यापुरताच.

आपल्याकडची खरी अडचण घरातली आहे. चपला दाराशी काढायच्या आणि दिवसभर अनवाणी फरशीवर. दोन महिने सुधारणा होईना ती त्यापायीच. घरात वापरायची वेगळी, जाड तळाची चप्पल घेतली आणि फरक पडला. या हाडांना रक्तपुरवठा बेताचा, म्हणून भरून यायला महिने लागतात. मला सात लागले.

स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं होतं, मी घेतलं नाही. काहींना उपयोग होतो, पण वारंवार घेतलं तर कंडरा कमजोर होऊ शकते. हाड काढून टाकण्याची शस्त्रक्रिया अगदी शेवटी, कारण त्यानंतर अंगठा एका बाजूला कलू शकतो. आणि एका रात्रीत सांधा लाल होऊन सुजला तर युरिक अ‍ॅसिड तपासा. मधुमेह असेल आणि पाय गरम, सुजलेला वाटला, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

वर्गात आता लाकडी जमीन करून घेतली आहे. एखादी मुलगी ‘अंगठ्याखाली टोचतंय’ म्हणाली की त्या दिवशी तिचा कुदित्तमेट्ट बंद, बसून हस्तमुद्रा.