मनूच्या ट्रस्टसाठी वकील

गुरुवार, रात्री

अखेर वकील मिळाल्या. मनूच्या ट्रस्टचं काम मार्गी लागेल असं आज पहिल्यांदाच वाटतंय.

ट्रस्ट म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे धर्मादाय आयुक्तांचं कार्यालयच येतं. आम्हाला हवाय खाजगी ट्रस्ट, १८८२ च्या कायद्याखालचा, एकट्या आमच्या लेकीसाठी: पैसा ट्रस्टी सांभाळतील, पण खर्च तिच्यासाठीच करतील. मनू पस्तिशीची आहे, पण पैशाचे व्यवहार तिला कधीच जमणार नाहीत. एका वकिलांनी तयार मसुदा पुढे सरकवून फी सांगितली, मनूचं वयसुद्धा विचारलं नाही. फार लागलं मनाला.

नातेवाईक म्हणतात, सगळं भावाच्या नावावर करा, तो बघेलच. तो बघेल यात मला तिळमात्र शंका नाही. पण एकदा त्याच्या नावावर गेलं की ते कायद्याने त्याचंच. त्याला धंद्यात कर्ज झालं, किंवा त्याचंच काही बरंवाईट झालं, तर मनूचं काय?

आजच्या वकीलबाईंनी फ्लॅटचे कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "मनूचा दिवस कसा जातो?" मी सांगत गेले, त्या लिहून घेत गेल्या. रात्री नऊला फिटची गोळी. कुकरची शिट्टी झाली की कान झाकून गॅलरीत जाते. अनोळखी माणसाच्या हातचं जेवत नाही. "हे सगळं एका पत्रात लिहा," त्या म्हणाल्या, "ट्रस्ट डीडसोबत, म्हणजे ट्रस्टच्या दस्तासोबत ठेवू. पैसे कशावर खर्चायचे ते उद्याच्या ट्रस्टींना त्यावरूनच कळेल."

मग कामाचं बोलणं झालं. फ्लॅट आताच ट्रस्टमध्ये घालायचा तर दस्त नोंदवावा लागेल, मुद्रांक शुल्क भरावं लागेल. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. म्हणून ठेवींवर ट्रस्ट आत्ताच सुरू करायचा आणि फ्लॅट मृत्युपत्राने त्याला द्यायचा असं ठरतंय. ह्यांना ते फार पटलं, आपल्या हयातीतच तो चालताना दिसेल म्हणून.

पालकत्वाचं मात्र वेगळं आहे. मूल अठराचं झालं की आईबापही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बौद्धिक अपंगत्व, ऑटिझम असलेल्यांसाठीच्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक समिती पालक नेमते, जिल्हाधिकारी त्या समितीत असतात. आमच्याकडे पालकत्वाचा दाखला आहे, पण आमच्यानंतर? बाईंचं मत स्पष्ट आहे: पैसा सांभाळणारे आणि पालक एकच नकोत, एकाची दुसऱ्यावर नजर हवी. मलाही तेच योग्य वाटतं.

ट्रस्टी सगळे आमच्याच वयाचे असून चालणार नाही. भाचीचं नाव मला आधी सुचलं, कारण मनू तिच्या हातचं जेवते. रविवारी तिला विचारू. तिने हो म्हटलं की बाई मसुदा करायला घेतील. तो मी मराठीतच मागितलाय, म्हणजे सगळे ट्रस्टी एकत्र बसून ओळ न ओळ वाचतील आणि मगच सही करतील.