येरेवानची आजी

२७ सप्टेंबर २०२०, रविवार. सांगलीहून आईचा फोन आला, "अरे, तिकडे युद्ध लागलंय म्हणे!" आर्मेनिया आणि अझरबैजान काराबाख या डोंगराळ प्रदेशावरून पुन्हा भिडले होते. मी आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानच्या खोलीत अजून पांघरुणातच होतो.

घरमालकीण आजी मूळच्या अझरबैजानच्या राजधानीतल्या, बाकूच्या आर्मेनियन, १९९० च्या दंगलींत जीव मुठीत धरून पळालेल्या. त्यांचं आर्मेनियन इतकं रशियन वळणाचं होतं, की भाजीवाली हसायची. मी शहाणपणाने म्हणालो, "हे हजार वर्षांचं वैर ना?" आजी उखडल्या. "कसलं हजार वर्षांचं? जिन्यातल्या अझरबैजानी बाईकडे माझी पोरं जेवायची!"

मग वाचत बसलो. १९२१ मध्ये बोल्शेविकांनी आर्मेनियन बहुसंख्येचा काराबाख अझरबैजानात ठेवला. मॉस्को बलवान होती तोवर ती रेघ नकाशावरच राहिली. फेब्रुवारी १९८८ मध्ये काराबाखच्या सोव्हिएतने, म्हणजे स्थानिक प्रतिनिधी सभेने, आर्मेनियात जाण्याचा ठराव केला आणि आठवड्याभरात अझरबैजानातल्या सुमगाइत शहरात आर्मेनियनांच्या कत्तली झाल्या. पुढे आर्मेनियन फौजांनी भोवतालचे जिल्हेही घेतले, लाखो अझरबैजानी बेघर झाले. (हा भाग आजी कधी काढत नसत.) १९९८ मध्ये तडजोडीची भाषा करणाऱ्या तेर-पेत्रोस्यान यांना आर्मेनियाचं अध्यक्षपद सोडावं लागलं आणि काराबाखचेच कोचार्यान गादीवर आले. मग तडजोडीचं नाव कोण काढणार?

२०२३ मध्ये अझरबैजानने काराबाख ताब्यात घेतला आणि तिथून लाखभर आर्मेनियन बाहेर पडले. आजींना व्हिडिओ कॉल केला, तर माझ्या जुन्या खोलीत काराबाखच्या मुख्य शहरातलं, स्तेपानाकेर्तचं पाच जणांचं कुटुंब होतं.